मेत्ता : अर्थ आणि विनियोग

गेल्या वर्षावासात एका विहारात पंचशीलावरील प्रवचन संपल्यानंतर एका वृद्ध उपासिकेने आम्हांस थांबवून प्रश्न विचारला. "सर, माझी आई सांगायची, पोरी, उपाशी राहा पण कुणाच्या दयेवर जगू नको. आणि तेराव्या प्रतिज्ञेत तर आपल्याला दयाच करायला सांगितलीय. जी दया आपल्याला नको, ती आपण दुसऱ्याला कशी द्यायची?"

"आजी, तिथे दया म्हणजे मैत्री," असे उत्तर आम्ही दिले. आजींनी मान डोलावली. परंतु त्यांचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवल्याने अर्थ उलगडत नाही. मैत्री म्हणजे काय, ती दयेहून कशी वेगळी, आणि वेगळी असेल तर प्रतिज्ञेत 'दया' हा शब्द का आला, या तिन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय ते उत्तर पुरे होत नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

शब्दाचे मूळ

पाली भाषेतील 'मेत्ता' हा शब्द 'मित्त' म्हणजे मित्र या शब्दापासून झाला आहे. संस्कृतात त्याचे रूप 'मैत्री' असे होते, आणि मराठीने तेच स्वीकारले. पालीत 'मेत्ता'बरोबर 'मेत्ति' असेही रूप आढळते. पुढे येणाऱ्या बुद्धाचे 'मेत्तेय्य' हे नाव याच शब्दकुलातील आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्याच्या द्वारपट्टीवर सात बुद्धांच्या रांगेत जो आठवा चित्रित केला आहे तो हाच मैत्रेय.

आचार्य बुद्धघोषांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकात 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ लिहिला. त्याच्या नवव्या परिच्छेदात त्यांनी या शब्दाची फोड दोन प्रकारे केली आहे. पहिल्या प्रकारात ते या शब्दाचा संबंध स्निग्ध होणे, ओलावणे या अर्थाच्या धातूशी जोडतात. जे मनाला कोरडे राहू देत नाही ते मेत्ता. दुसऱ्या प्रकारात ते 'मित्त' शब्दाकडे वळतात. मित्राच्या ठिकाणी जो भाव असतो, किंवा मित्राशी आपण जसे वागतो, ते मेत्ता. आधुनिक भाषाशास्त्रज्ञांपैकी अनेकांनी 'मित्र' या शब्दाच्या मुळाशी दोघांना बांधणारा करार हा अर्थ पाहिला आहे. व्युत्पत्ती कोणतीही घेतली तरी एक गोष्ट समान राहते. या शब्दाच्या गाभ्यात मित्र आहे. दाता नाही, धनी नाही, कृपा करणारा देव नाही.

अभिधम्माने या शब्दास आणखी एक आधार दिला. 'धम्मसंगणी'त कुशलाची तीन मुळे सांगितली आहेत : अलोभ, अदोस आणि अमोह. त्यांपैकी 'अदोस' म्हणजे द्वेष नसणे, या मुळाचे विवरण करताना जी पदे दिली आहेत त्यांत 'मेत्ति' आहे, तशी हितैषिता आणि अनुकंपाही आहे. म्हणजे मेत्ता ही क्षणिक भावना नसून कुशल चित्ताचे मूळ आहे. मनात उमाळा दाटून येणे म्हणजे मेत्ता नव्हे. उमाळा येतो तसा ओसरतो; मूळ जमिनीत राहते.

'वर', 'शी' आणि 'ठायी'

आता आपण मराठीकडे वळू. आपली भाषा कधी कधी व्याख्येपेक्षा अधिक प्रामाणिकपणे बोलते. आपण 'कुणावर दया करणे' असे म्हणतो. 'कुणाशी दया करणे' असे कधीही म्हणत नाही. उलट मैत्री नेहमी 'कुणाशी' होते. 'कुणावर मैत्री' हा प्रयोग मराठी कानाला खपत नाही. 'वर' या शब्दयोगी अव्ययात उंची आहे. दया करणारा वरच्या पायरीवर उभा आहे आणि ज्याच्यावर ती करावयाची तो खाली आहे, हे वाक्याच्या रचनेतच ठरून गेलेले असते. कृपा, उपकार, मेहेरबानी हे शब्दही 'वर'नेच चालतात. कीव तर आपण करतो किंवा आपल्याला येते. आणि आपली कुणी कीव करावी असे स्वाभिमानी माणसाला कधीच वाटत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके पाणी वरून ओतून आणि भाकरी दुरून टाकून मिळाली, त्याला 'वर' या दोन अक्षरांचा अर्थ व्याकरण शिकविणाऱ्याने समजावून देण्याची गरज नाही. आजींच्या आईने मुलीला जे शिकविले ते या अनुभवातून शिकविले.

मग 'शी' पुरेसा आहे काय? पूर्णपणे नाही. मराठीत मैत्री होते, जमते, तुटते. तिला दोन्ही बाजूंची संमती लागते. जो आपल्याशी बोलत नाही, जो आपल्याला ओळखत नाही, जो आपला वैरी आहे, त्याच्याशी मैत्री कशी व्हावी? पालीत मात्र मेत्तेसाठी पुष्कळदा सप्तमी विभक्ती येते : सर्व भूतांच्या ठायी, सर्व लोकांच्या ठायी. ही मेत्ता समोरच्याने स्वीकारली पाहिजे अशी अट नाही. त्याने परतफेड केली पाहिजे अशीही नाही.

आमच्या मते 'मेत्ता' शब्दाचे वैशिष्ट्य येथेच आहे. तिच्यात 'शी'ची समानता आहे आणि 'ठायी'ची निरपेक्षता आहे; 'वर'ची उंची मात्र तिच्यात नाही. इंग्रजी भाषांतरकारांनी मेत्तेसाठी 'लव्हिंग काइंडनेस' हा शब्द रूढ केला. तो शब्द माइल्स कव्हरडेल यांनी १५३५ च्या आपल्या बायबल-भाषांतरात, एका हिब्रू शब्दासाठी घडविला होता, आणि तेथे तो बहुधा ईश्वराच्या भक्तावरील कृपेसाठी येतो. शब्द सुंदर आहे, परंतु त्याच्या मागे वरून खाली येणारी कृपा उभी आहे. मेत्तेच्या मागे कोणीही ईश्वर उभा नाही.

चार विहारांत मेत्तेचे स्थान

मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्खा या चार ब्रह्मविहारांत मेत्ता पहिली आहे. प्राण्याचे हित व सुख व्हावे ही मेत्ता. त्याचे दुःख दूर व्हावे ही करुणा. त्याच्या उत्कर्षाने आनंद व्हावा ही मुदिता. सर्वांकडे समतोल चित्ताने पाहावे ही उपेक्खा. करुणेला दुःखी प्राणी लागतो. समोर दुःख नसेल तर करुणेला विषय उरत नाही. मेत्तेला तसे काही लागत नाही. समोरचा सुखी असो वा दुःखी, तो जगतो आहे एवढे पुरे होते. म्हणूनच मेत्तेत 'दुःखी' आणि 'दुःखातून काढणारा' अशी वाटणी पडत नाही.

बुद्धघोषांनी प्रत्येक विहाराचे दोन शत्रू सांगितले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. मेत्तेचा दूरचा शत्रू 'ब्यापाद' म्हणजे द्वेषबुद्धी. तो उघड असतो म्हणून ओळखता येतो. जवळचा शत्रू 'राग' म्हणजे आसक्ती. तीही गुणच पाहते, म्हणून ती मेत्तेसारखी दिसते आणि घरात शिरते. माझी माणसे, माझी जात, माझा गट यांच्यावरील माया ही पुष्कळदा मेत्ता म्हणून मिरवते. परंतु माझेपण गेले की ती संपते. यावरूनच ती मेत्ता नव्हती हे कळते.

भावनेचा क्रमही विचार करण्याजोगा आहे. साधकाने आरंभ स्वतःपासून करावा, मग आदरणीय व प्रिय व्यक्ती, मग मध्यस्थ म्हणजे ज्याच्याविषयी प्रेमही नाही व रागही नाही असा माणूस, आणि शेवटी वैरी, असा हा क्रम आहे. स्वतःपासून आरंभ हा स्वार्थ नव्हे. येथे स्वतःला साक्षीदार केलेले आहे. मला सुख हवे आहे, दुःख नको आहे. तसेच प्रत्येकाला आहे. हे जाणण्यासाठी ग्रंथ लागत नाही, अधिकारी पुरुष लागत नाही. आपलेच मन साक्ष देते.

या क्रमाच्या शेवटी 'सीमासम्भेद' म्हणजे सीमा मोडणे ही अवस्था येते. ती समजावण्यासाठी दिलेला दृष्टान्त आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावा असा आहे. एक भिक्षू आपला प्रिय मित्र, एक मध्यस्थ आणि एक वैरी यांच्यासह बसला आहे. चोर येतात आणि बळी देण्यासाठी चौघांपैकी एकाची मागणी करतात. भिक्षूने 'अमक्याला न्या' असा विचार केला तर सीमा मोडली नाही हे उघड आहे. परंतु 'मला न्या, या तिघांना सोडा' असा विचार केला तरीही सीमा मोडलेली नाही, असे आचार्य म्हणतात. चौघांपैकी एकही देण्याजोगा वाटत नाही, तेव्हाच सीमा मोडली.

स्वतःला कमी लेखणे हीसुद्धा एक सीमाच आहे, हा या दृष्टान्ताचा अर्थ आहे. आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या नम्रतेच्या नावाखाली स्वतःला तुच्छ मानण्यास शिकविले गेले. मेत्ता ते शिकवीत नाही. मेत्तेच्या मापात साधक स्वतः इतरांपेक्षा तिळभरही जड नाही आणि तिळभरही हलका नाही.

काली दासीची परीक्षा

मेत्ता खरी की खोटी हे कोणी ठरवावे? 'मज्झिमनिकाया'तील एकविसाव्या सुत्तात, 'ककचूपम सुत्तात', भगवंतांनी एक कथा सांगितली आहे. श्रावस्तीत वेदेहिका नावाची गृहस्वामिनी होती. ती शांत, नम्र, सौम्य आहे अशी तिची कीर्ती नगरभर पसरली होती. तिची काली नावाची दासी दक्ष होती व तिचे काम नेटके असे. एके दिवशी कालीच्या मनात विचार आला : माझ्या मालकिणीच्या अंतरात राग नाहीच, की मी काम चोख करते म्हणून तो बाहेर पडत नाही?

कालीने परीक्षा घेतली. पहिल्या दिवशी ती उशिरा उठली. मालकिणीच्या कपाळाला आठ्या पडल्या. नंतर ती आणखी उशिरा उठली. मालकिणीच्या तोंडून रागाचे शब्द निघाले. तिसऱ्या वेळी तिने त्याहून उशीर केला. तेव्हा मालकिणीने दाराची खीळ उचलून तिच्या डोक्यात मारली. डोके फुटले. रक्त वाहत असतानाच काली शेजाऱ्यांकडे गेली आणि सौम्य बाईंचे हे कृत्य पाहा, असे तिने सर्वांस दाखविले. वेदेहिकेची कीर्ती पालटली.

भगवंतांनी ही कथा भिक्षूंना सांगितली, कारण चीवर व भिक्षा वेळेवर मिते तोवर सौम्य राहणे कोणालाही जमते. परंतु कथेत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. वेदेहिकेच्या सौम्यतेची ग्वाही सारे नगर देत होते. तिची परीक्षा मात्र दासीने घेतली. मेत्तेचे प्रमाणपत्र बरोबरीच्या किंवा वरच्या माणसांकडून मिळत नाही. जो आपल्या हाताखाली आहे, ज्याने काम चुकविले तर आपली गैरसोय होते, त्याच्यासमोरच ती सिद्ध होते किंवा कोसळते.

ही कथा इतरांना सुनावण्यासाठी नाही. आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कामाला बाई येते, कार्यालयात हाताखाली शिपाई आहे, शाळेत विद्यार्थी आहेत, घरात सून आहे. सकाळी विहारात मेत्ता-भावना करून आल्यावर दुपारी काली उशिरा आली तर आपण काय करतो, हा प्रश्न आमच्यासह प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

कायेने, वाचेने, मनाने

मेत्ता ही डोळे मिटून करावयाची भावना आहे, असा समज अलीकडे रूढ होत आहे. भावना आवश्यकच आहे. परंतु सुत्तपिटकात मेत्ता तेवढ्यावर थांबत नाही. कौशाम्बीचे भिक्षू आपसांत भांडले तेव्हा भगवंतांनी त्यांना एकत्र राहण्याचे सहा 'सारणीय धम्म' सांगितले. त्यांपैकी पहिले तीन म्हणजे मेत्तायुक्त कायकर्म, मेत्तायुक्त वाचाकर्म आणि मेत्तायुक्त मनोकर्म. ही तिन्ही उघडपणे आणि माघारीही असावीत अशी अट तेथे आहे. माघारी बोललेल्या शब्दाची ही अट आपल्या संस्था, मंडळे आणि विहार समित्या यांनी मनावर घेतली तर अर्धे कलह नाहीसे होतील. चौथा सारणीय धम्म मिळालेले वाटून घेण्याचा आहे.

ही शिकवण प्रत्यक्षात कशी दिसते, हे 'चूळगोसिंग सुत्ता'त आहे. अनुरुद्ध, नन्दिय आणि किम्बिल हे तीन भिक्षू सालवनात राहत. दूध आणि पाणी मिसळावे तसे ते एकत्र राहत होते. भगवंतांनी विचारले, हे कसे जमते? उत्तरात ध्यानाच्या अवस्था येतात, पण त्या नंतर येतात. आधी येतात त्या साध्या गोष्टी. भिक्षाटनाहून जो आधी परततो तो आसने मांडतो, पाणी ठेवतो. जो शेवटी येतो तो आवरतो, झाडतो. पाण्याचे भांडे रिकामे दिसले तर ज्याला दिसेल तो भरतो. जड असेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो आणि दोघे मिळून उचलतात. कोणाचे काम कोणते, हे तेथे जन्मावरून ठरलेले नाही. झाडणे आणि पाणी भरणे ही कामे ज्या देशात जातीवर लादली गेली, त्या देशात मेत्तेचे हे वर्णन क्रांतिकारक आहे.

गृहस्थांसाठी 'सिगालोवाद सुत्त' आहे. त्यात सहा दिशा म्हणजे सहा नाती सांगितली असून खालची दिशा दास व कामगार यांची आहे. धन्याची त्यांच्याविषयी पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारात शुश्रूषा करणे, विशेष पदार्थ मिळाला तर त्यातला वाटा देणे, आणि वेळेवर सुटी देणे. यानंतर जे येते ते भाषेच्या अभ्यासकाला थांबविणारे आहे. या पाच प्रकारे सेवा झालेले दास व कामगार धन्याविषयी जे करतात त्यासाठी 'अनुकंपा' हेच क्रियापद वापरले आहे. आई-वडील मुलांविषयी जे करतात त्यासाठीही तेच, गुरू शिष्यांविषयी जे करतात त्यासाठीही तेच. म्हणजे पालीत अनुकंपा वरून खाली वाहते तशीच खालून वरही वाहते. कामगार धन्यावर अनुकंपा करतो, असे म्हणू शकणारी भाषा उच्चनीचतेची भाषा नव्हे.

ही परंपरा ग्रंथांतच राहिली नाही. सम्राट अशोकाने दुसऱ्या स्तंभलेखात धम्माची व्याख्या करताना दान, सत्य व शुचिता यांच्याबरोबर 'दया' हा शब्द घातला. आणि नवव्या शिलालेखात, लोक करीत असलेल्या निरर्थक मंगलविधींच्या जागी जो धम्ममंगल सांगितला, त्यात दास आणि नोकर यांच्याशी नीट वागण्याला स्थान दिले. या नवव्या लेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्याजवळ १९५६ साली सापडला. त्याच वर्षी नागपुरात धम्मदीक्षा झाली, हा योगायोग आम्हांस नेहमी हृद्य वाटतो.

मेत्ता म्हणजे गप्प बसणे नव्हे

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच मेत्तेचा उपदेश करणे म्हणजे त्यांचे तोंड बंद करणे नव्हे काय? तरुण मंडळी हा प्रश्न वारंवार विचारतात, आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

याचे उत्तर विनयपिटकात आहे. 'चुल्लवग्गा'त दुसऱ्या भिक्षूवर दोषारोप ठेवणाऱ्याने काय पाहावे हे सांगितले आहे. त्याने योग्य वेळी बोलावे, खरे बोलावे, कठोरपणे नव्हे तर सौम्यपणे बोलावे, हिताचे बोलावे, आणि द्वेषचित्ताने नव्हे तर मेत्तचित्ताने बोलावे. नीट पाहिल्यास दिसते की येथे मेत्ता ही आरोप मागे घेण्याचे कारण नाही. आरोप ठेवताना मन कसे असावे याचा तो नियम आहे. दोष सांगायचाच आहे, वेळेवर सांगायचा आहे, आणि खरा सांगायचा आहे.

'अभयराजकुमार सुत्ता'त राजपुत्राच्या मांडीवर तान्हे मूल असते. त्याच्या घशात खडा अडकला तर काय करशील, असे भगवंत विचारतात. रक्त निघाले तरी बोट घालून तो काढीन, कारण मला मुलाविषयी अनुकंपा आहे, असे राजपुत्र सांगतो. अप्रिय पण खरे व हिताचे वचन तथागत योग्य वेळी उच्चारतात, ते याच न्यायाने. अंधश्रद्धा, दारू, पोटजातींचा अभिमान हे आपल्याही घशातील खडे आहेत. ते काढताना थोडे रक्त येणारच.

सर्पदंशाने एक भिक्षू मरण पावल्यावर भगवंतांनी सर्पकुळांविषयी मेत्ता करण्यास सांगितले, ही 'अंगुत्तरनिकाया'तील हकीकत प्रसिद्ध आहे. परंतु त्या परित्तात केवळ मेत्ताच नाही. पाय नसलेल्या, दोन पायांच्या, चार पायांच्या व अनेक पायांच्या सर्वांविषयी मेत्ता व्यक्त केल्यावर, त्यांनी मला इजा करू नये आणि त्यांनी दूर जावे, ही इच्छाही तेथे स्पष्ट मांडली आहे. द्वेष न करणे वेगळे आणि सापाच्या वाटेत हात ठेवणे वेगळे.

बाबासाहेबांनी मैत्री का निवडली

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला पाण्याच्या हक्कासाठी आणि १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह केला. ज्या पुरुषाने आयुष्यभर अन्यायाला नाव घेऊन अन्याय म्हटले, त्यानेच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या, महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, सद्धम्म कशाला म्हणावे हे सांगताना प्रज्ञेबरोबर शील हवे, शीलाबरोबर करुणा हवी, आणि करुणेहूनही मैत्री अधिक आवश्यक आहे अशी पायरी रचली. करुणा त्यांनी मनुष्यमात्रापुरती मानली; मैत्री शत्रूसह सर्व सजीवांपर्यंत नेली. तेव्हा मैत्री म्हणजे दुबळ्याची शरणागती, असे म्हणणाऱ्याने बाबासाहेबांचे चरित्र विसरलेले असते.

याच्या मुळाशी त्यांचा समाजविचार आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना, बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता वरवरच्या राहतील असा इशारा त्यांनी दिला. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण राज्यशास्त्रातून नव्हे तर धर्मातून, आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली, असे त्यांनी सांगितले. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखनाच्या चौथ्या खंडात तर, फ्रेंच क्रांतिकारकांनी वापरलेला बंधुतावाचक शब्द त्यांना अपुरा वाटला आणि बुद्धांचा 'मैत्री' हाच योग्य शब्द होय असे त्यांनी म्हटले आहे.

तो शब्द अपुरा का? याचा विचार आम्ही असा करतो. बंधू होण्यासाठी एक आई-बाप लागतात, निदान एक कूळ तरी मानावे लागते. बंधुत्व आतल्यांना जोडते तेव्हा बाहेरचा कोण हेही ठरविते. जातीतही बंधुत्व असतेच; किंबहुना जातीतच ते फार असते. मित्र मात्र रक्ताने मिळत नाही. तो जन्मापलीकडे जाऊनच करावा लागतो. जन्मावर उभारलेल्या समाजरचनेला छेद देणारा शब्द म्हणून 'मैत्री'चे मोल आहे.

तेराव्या प्रतिज्ञेतील 'दया'

आता आजींच्या प्रश्नाकडे परत येऊ. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांच्या मराठी पाठात तेराव्या प्रतिज्ञेत 'दया' हा शब्द आहे, हे खरे आहे. तो तेथे कोठून आला?

तेरा ते सतरा या पाच प्रतिज्ञा एकत्र वाचून पाहाव्यात. चोरी न करणे, व्यभिचार न करणे, खोटे न बोलणे, दारू न पिणे. हे पंचशीलच आहे. या रांगेत तेरावी प्रतिज्ञा पहिल्या शीलाच्या, म्हणजे प्राणिहिंसेपासून विरत होण्याच्या, जागी उभी आहे. दीघनिकायाच्या पहिल्या दोन सुत्तांत, 'ब्रह्मजाल' आणि 'सामञ्ञफल' यांत, हे पहिले शील विस्ताराने आले आहे. तेथे केवळ 'मारीत नाही' एवढे नकारात्मक विधान नाही. दंड आणि शस्त्र खाली ठेवणारा, लज्जावान, सर्व प्राण्यांचे हित पाहणारा अशी विशेषणे आहेत, आणि त्यांत 'दयापन्न' म्हणजे दयेने युक्त हे विशेषण आहे. तेरावी प्रतिज्ञा नकारात न मांडता दया व पालन अशा होकारात मांडली आहे; तिचा सांधा या विस्तृत शीलाशी जुळतो, असे आमचे मत आहे.

आणि या 'दयापन्न' शब्दाचा अर्थ काय? दीघनिकायाच्या 'सुमंगलविलासिनी' या अट्ठकथेत बुद्धघोषांनी येथील दयेचा अर्थ 'मेत्तचित्तता' असा दिला आहे. म्हणजे पहिल्या शीलातील दया ही कीव नाही, कृपा नाही. ती मेत्तचित्त आहे. आणि तिच्या आधी येणारे विशेषण आहे 'दंड खाली ठेवलेला'. ज्याने हातातील दंड खाली ठेवला तो आता कोणाच्या वर उरलेला नाही. दंड हातात ठेवून केलेली दया ती वेदेहिकेची. दंड खाली ठेवून केलेली दया ती मेत्ता.

आजींच्या आईने जी दया नाकारली, ती पहिल्या प्रकारची होती. ती नाकारणे योग्यच होते, आणि ती दुसऱ्याला देऊ नये हेही योग्यच. तेराव्या प्रतिज्ञेने आपल्याकडून मागितली आहे ती दुसरी. ती गाईला, कुत्र्याला द्यावयाची आहे, शेजाऱ्याला द्यावयाची आहे, आपल्याशी वैर धरणाऱ्यालाही द्यावयाची आहे. आणि ती देताना आपण त्यांच्याहून मोठे होत नाही, तसेच लहानही होत नाही.

येत्या वर्षावासात आजींची भेट होईल तेव्हा आम्ही हे सर्व विवेचन त्यांच्यापुढे मांडणार नाही. आम्ही एवढेच सांगू : "आजी, तुमच्या आईचे बरोबर होते. जी दया घेताना मान खाली घालावी लागते ती नको. जी देताना आपली मान वर होत नाही, ती करा." आणि त्यांनी पुन्हा काही प्रश्न विचारला, तर तो ऐकण्यासाठी थांबू.